मनाविरुद्धची बाजू

सोमवार, ४ तारीख

गडबडे,

डब्याचं झाकण जपून उघड. पत्र झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे, खाली पडलं तर तेलात जाईल. तुझी आई म्हणते, "सरळ तंबूत जाऊन बसा की पोरीपाशी. डेपोचा रस्ता काय परदेशात जातो?" मी म्हटलं, ती माझ्याशी बोलत नाही, आणि न बोलणाऱ्याशी बोलायला गेलेला माणूस वेडा दिसतो. पत्राचं तसं नसतं.

तुम्हा बसचालकांच्या संपाच्या पहिल्या दिवशी जेवताना मी एवढंच म्हणालो होतो की, आधी वेळापत्रक पाळावं, मग मागण्या कराव्यात. वाक्य म्हणून ते बरोबर होतं. वेळ चुकली असेल. तू ताट सरकवून उठलीस आणि म्हणालीस, "तुम्हाला वाक्यं बरोबर हवीत, माणसं नकोत." तेही वाक्य बरोबर होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही. तू पिशवी भरून संपकऱ्यांच्या तंबूत राहायला गेलीस.

असो. काम वेगळं आहे. उद्या आमच्या 'उलटसुलट'ची विषय निवडायची बैठक. तंबूतल्या सोबतिणींनी हा काय प्रकार म्हणून विचारलं तर नीट सांग, उगाच 'बाबांचा नाद' म्हणू नकोस. महिन्यातून दोनदा निघणारा एक कागद. चालू घडामोडींतला एकच विषय. कागदाच्या एका अंगाला 'हो' म्हणणारा लेख, दुसऱ्या अंगाला 'नाही' म्हणणारा. लिहिणारे सगळे हौशी. पैसे कुणाला नाहीत, नाव कुणाचं छापत नाही. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई, औषधवाले, एक बारीक आवाजाचे वकील, आणि चष्म्याच्या काचा घासणारा मी. तिथे मला भिंगवाले म्हणतात. सातवीनंतर शाळा न पाहिलेल्या माणसाचं लिहिलेलं वकील वाचून दाखवतात, हेही सांगितलंस तर चालेल.

या वेळी कुणीतरी तुमच्या संपाचा विषय काढणार, हे उघड आहे. गावात दुसरं बोलणं नाही. तुझी हरकत असेल तर रिकाम्या डब्याबरोबर दोन ओळी पाठव. मी विषय अडवीन.

बाबा


गुरुवार, ७ तारीख

गडबडे,

डबा घासून पुसून परत आला, आत काही नव्हतं. मौन म्हणजे संमती असं धरून मी वाचनालयात बैठकीला गेलो.

पद्धत तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण या वेळी सगळं पद्धतीवरच अडलं. भिंतीवर प्रत्येकाचा कप खिळ्याला टांगलेला असतो. ज्याला विषय मांडायचा असेल त्याने आपला कप काढून मेजावर ठेवायचा, विषय फळ्यावर लिहायचा. बाकीच्यांनी पटलेल्या विषयाच्या कपात एकेक बटण टाकायचं. बटणं तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातली. ज्याच्या कपात जास्त बटणं, त्याचा विषय. आणि ज्याचा विषय, त्याने लेख लिहायचा तो आपल्या मनाविरुद्धच्या बाजूने. हा शेवटचा नियम माझा. लोक सोयीचे विषय आणून आपलीच पाठ थोपटायला लागले होते, म्हणून मी घातलेला.

औषधवाल्यांनी लिहिलं, 'चौकातल्या कुंड्या हलवाव्यात का?' वकिलांनी लिहिलं, 'वाचनालय रविवारी उघडं असावं का?'

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "यात कुणाच्या पोटात गोळा येतोय? या खोलीतल्या एकाच्या तरी पोटात गोळा आला नाही, तर तो विषय नव्हे. तो वेळ घालवणं झालं."

"माझ्या पोटात येतो," वकील म्हणाले. "परवाच कुंडीला अडखळून पडलो."

"मग तुमच्या गुडघ्यात येतो. पोटाचं सांगा."

औषधवाल्यांनी कुंड्या पुसल्या आणि लिहिलं, 'बसवाल्यांचा माज उतरवावा का?'

 सगळ्यांना तू ठाऊक आहेस. बाई हळूच म्हणाल्या, "भिंगवाले, तुम्ही म्हणाल तर हा सोडू. तुमची मुलगी..."

"माझी मुलगी हा विषय नाही," मी म्हणालो. "हा 'माज' शब्द हा विषय आहे. प्रश्नातच निकाल लावून ठेवलाय यांनी. मग लेख कशाला हवेत, थेट दगड वाटा." आणि उठून त्यांच्या हातातला खडू घेतला. पुसलं. लिहिलं: 'एका फेरीसाठी दिलेली वेळ कमी केली म्हणून बसचालकांनी गाड्या बंद ठेवणं योग्य आहे का?' यात कुणाला शिवी नाही, कुणाला शाबासकी नाही. कारण काय, कृती काय, दोन्ही आलं. तूही हेच लिहिलं असतंस.

"झकास," औषधवाले म्हणाले. "पण आता हा विषय माझा की तुमचा?"

बाई म्हणाल्या, "ज्याचा खडू त्याचा विषय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोवर बाईंनी माझा कप खिळ्यावरून काढून मेजावर ठेवला होता आणि तिघांनी त्यात बटणं टाकली होती. बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "तुमचं मन कुठल्या बाजूला?" ते खोलीत मोठ्याने सांगावं लागतं. मी म्हणालो, "गाड्या बंद ठेवणं योग्य आहे."

हे मी तुझ्यासमोर बोललो नव्हतो. आता कागदावर वाचलंस, बास झालं.

म्हणजे मला संपाच्या विरोधात लिहायचं आहे. औषधवाले भले माणूस. बाहेर पडताना म्हणाले, "अदलाबदल करू या का? विरोधात मी लिहितो, मला अगदी मनापासून येईल." मी म्हटलं, "मनापासून येतं म्हणूनच तुम्ही लिहायचं नाही."

तुमच्या बाजूने वकील लिहिणार आहेत.

बाबा


सोमवार, ११ तारीख

गडबडे,

लेख झाला. आज छापखान्यात गेला.

वाईट लिहून चाललं असतं. तुझ्या आईने तसं सुचवलंही. "दोन ओळी खरडा आणि द्या टाकून, पोरीच्या पायात काटा कशाला?" पण मुद्दाम वाकडी घासलेली काच मी आजवर कुणाच्या डोळ्यांवर चढवलेली नाही. विरोधकाची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, की त्यानेच म्हणावं, अरे, मला हेच तर म्हणायचं होतं. नाहीतर ते ढोंग.

रुग्णालयात चालत जाणारी म्हातारी माणसं, शाळा बुडालेली मुलं, हे सगळं लिहिलं. पण हे रोजच्या वर्तमानपत्रातही येतं. याने कुणाचं मत हलत नाही. आतून लागेल असं काहीतरी हवं होतं. ते मला सापडलं. मुद्दा असा: चालक म्हणतात, वेळ कमी केल्याने आम्ही थकतो आणि प्रवाशांच्या जिवाला धोका होतो. मान्य. मग हा धोका वर्षभर ठाऊक असताना ते गप्प का राहिले? ज्या दिवशी पहिल्यांदा डोळा मिटला, त्या दिवशी गाडी का नाही थांबवली? प्रवाशांची काळजी खरी असेल, तर ती पगाराच्या बोलण्याबरोबरच कशी जागी झाली?

याला उत्तर देणं अवघड आहे. 

मुद्द्याला एक उदाहरण जोडलं आहे. तुला ओळखू येईल. दुसऱ्या कुणाला नाही. नाव नाही, बाई की पुरुष तेही नाही, नुसतं 'एका चालकाचा डोळा लागला'. आता एवढंच लिहिलं तर कुणीही म्हणेल, ऐकीव गोष्ट. म्हणून जागा दिली, रुग्णालयाचं वळण. वेळ दिली, पाळी सुटण्याआधीची शेवटची फेरी. पुढचं डावं चाक पदपथाला घासलं आणि कडेचा पत्रा सोलला, तेही दिलं. तपशिलाशिवाय सत्य म्हणजे चौकटीशिवाय काच, हातात धरायची कुठे?

आमच्याकडे प्रत्येक लेखातली माहिती दुसऱ्याने तपासायची असते. माझा लेख औषधवाल्यांकडे होता. त्यांनी या ओळींवर बोट ठेवलं. "हे कुणी सांगितलं?"

"ते सांगता येणार नाही. पण शब्दन्शब्द खरं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. "भिंगवाले म्हणतात म्हणजे खरंच."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

तू ती गोष्ट मला सांगितलीस तेव्हा भांडी विसळत होतीस आणि माझ्याकडे पाठ होती. 'आईला सांगू नका' एवढंच म्हणाली होतीस. आईला मी सांगितलेलं नाही.

बाबा


शनिवार, १६ तारीख

गडबडे,

आज डबा भरलेलाच परत आला. तुझ्या आईने तो ओट्यावर आपटला आणि म्हणाली, "यापुढे तुमचं पत्र माझ्या डब्यात नको. तुमच्या कागदापायी पोर उपाशी राहते." तेव्हा हे पत्र तंबूतल्या जाड भिंगांच्या कंडक्टरांबरोबर पाठवतो आहे. काच बदलायला आले होते. त्यांच्या चष्म्याच्या डबीत घातलं आहे.

डेपोच्या फाटकावर काय चिकटवलं आहे ते मी स्वतः जाऊन पाहून आलो. आमच्या कागदाचं एकच अंग. माझं. वकिलांचा लेख नाही, वर 'उलटसुलट' हे नाव नाही, 'दुसरी बाजू मागे पाहा' ही ओळसुद्धा कातरीने उडवलेली. त्याच्या प्रती काढून थांब्याथांब्यावर लावल्या आहेत. दोन माणसं वाचत उभी होती. एक म्हणाला, "बघा, यांच्यातलाच कुणीतरी फुटलेला दिसतोय. इतकं आतलं दुसऱ्याला कसं माहीत?"

कागद असा फाडून वापरता येतो, हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. दोन बाजू पाठीला पाठ लावून छापल्या की त्या वेगळ्या करता येणार नाहीत, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्याखाली डेपोच्या साहेबांची सूचना होती. ज्या चालकाबाबत हे घडलं त्याने शुक्रवारपर्यंत स्वतः हजर व्हावं, अन्यथा चौकशीअंती नोकरी जाईल. कंडक्टर सांगतात, फिटरला आधीच विचारून झालं आहे. पुढच्या डाव्या चाकाशी पत्रा सोललेली गाडी डेपोत एकच. त्या दिवशी ती कुणाकडे होती, हे शोधायला कितीसा वेळ लागणार? आणि 'सायकलवाला मध्ये आला' असं तू तेव्हा डेपोत सांगितलं होतंस, तेही निघणार. एका डुलकीपेक्षा ते खोटं त्यांना जास्त गोड लागेल.

तुझ्या आईनेही तो कागद फाटकावरच वाचला. घरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "ही आपलीच ना?"

मी म्हटलं, "कशावरून?"

"गाडी घासली त्या दिवशी मी विचारलं होतं तिला. सायकलवाला आडवा आला म्हणाली. म्हणजे तुम्हाला खरं आणि मला सायकलवाला?" मग म्हणाली, "आणि तुम्ही बापलेकीतलं ते गुपित फाटकावर लावलंत. मला सांगितलं असतंत तर निदान घरात तरी राहिलं असतं."

तिला तो नियम सांगितला. विषय मांडणारा मनाविरुद्ध लिहितो, म्हणजे मी संपाच्या विरोधात लिहिलं याचा अर्थ मी संपाच्या बाजूने आहे, असा. ती म्हणाली, "असं प्रेम करायचं असेल तर शत्रू बरा."

तू घाबरू नकोस. मी बघतो काय करायचं ते.

बाबा


सोमवार, १८ तारीख

गडबडे,

काम झालं. आता तुला कुणी हात लावू शकत नाही.

सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो. लेख माझा आहे म्हणालो. आमच्याकडे नाव सांगायची पद्धत नाही, ती मोडली. साहेब तरुण आहेत, चष्म्याच्या डाव्या काचेचा नंबर जास्त आहे, वाचताना मान वाकडी करतात.

"मग सांगा," ते म्हणाले, "हा चालक कोण?"

"कुणी नाही. मी रचलं."

"रचलं? एवढं सगळं? वळण, पाळी, चाक?"

"वळणावरच्या दगडाला रंग लागलेला दिसला, त्यावरून रचलं. लेखाला वजन यावं म्हणून."

ते खुर्चीत मागे रेलले. "तुमच्याबद्दल ऐकलं ते वेगळंच होतं. म्हणे, तुम्ही स्वल्पविरामसुद्धा तपासल्याशिवाय ठेवत नाही."

"म्हणून तर लोकांना पटलं," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुढे सरकवला. लिहून दिलं, सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

तिथून वाचनालयात गेलो. बाईंना सांगितलं, मी खोटी माहिती घातली होती. आमचा नियम तुला माहीत आहे: जो लेखातली माहिती रचतो, तो पुन्हा लिहीत नाही. बाईंनी विचारलं, "भिंगवाले, मी एकदाच विचारते. हे खरं की खोटं?"

"खोटं."

"मी मुलांना चाळीस वर्षं उत्तरं विचारली आहेत," बाई म्हणाल्या. "उत्तर कधी पाठ केलेलं असतं ते मला कळतं." पण नियम तो नियम. त्यांनी खिळ्यावरून माझा कप काढला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. औषधवाले दाराकडे तोंड करून उभे होते. सही त्यांची होती ना. जाताना मी त्यांना म्हणालो, "तुमची चूक नाही." ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर केली होती हो." बास, एवढंच.

कप आता आपल्या स्वयंपाकघरात आहे. त्याला खिळा मारलेला नाही, फळीवर ठेवला आहे.

आता तरी डबा खात जा.

बाबा


बुधवार, २० तारीख

गडबडे,

कंडक्टर आले होते. काच नीट बसली आहे, तरी आले होते. म्हणाले, "पोरीने निरोप दिलाय, आणि जसाच्या तसा द्या म्हणालीय. मी पाठ केलाय, मध्ये बोलू नका."

मग त्यांनी हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणतात तसा तो म्हटला. इथे उतरवून ठेवतो, चुकलं असेल तर सांग.

"बाबांना म्हणावं, फाटकावर आज दुसरा कागद लागलाय. 'थकव्याची कहाणी बनावट, लेखकाची लेखी कबुली.' खाली त्यांची सही. सगळे विचारतायत, एक गोष्ट बनावट तर बाकीच्या खऱ्या कशावरून? ज्यांचे ज्यांचे डोळे मिटले होते ते आता तोंड उघडायला घाबरतात. बाबांना म्हणावं, माझी गोष्ट त्यांनी मला न विचारता खरी म्हणून छापली, आणि मला न विचारता खोटी म्हणून सही केली. दोन्ही वेळा मी कुठे होते? शुक्रवारी मी स्वतः साहेबांकडे जाऊन सांगणार आहे. त्यांना यायचं तर येऊ दे. पण माझ्याबद्दल तोंड उघडण्याआधी मला विचारायचं."

म्हणून झाल्यावर कंडक्टर खाली बसले. तुझ्या आईने त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, "मला तिसऱ्या फेरीनंतर रस्त्याच्या पांढऱ्या रेघा दोन दोन दिसतात. मी तर नुसता मागे तिकिटं फाडतो."

मी लेखाचा तो परिच्छेद पुन्हा काढून वाचला. 'गाडी का नाही थांबवली?' असं विचारलं आहे मी. उत्तर मला ठाऊक होतं. तूच सांगितलं होतंस, त्याच भांड्यांपाशी. उशीर झाला की पाळीचा भत्ता कापतात, दोनदा झाला की सूचनापत्र, आणि थांबायला जागाच ठेवलेली नाही. ते मी घातलं नाही. ते वकिलांच्या बाजूचं होतं, म्हणून.

शुक्रवारी येतो.

बाबा


शुक्रवार, २२ तारीख

गडबडे,

हे डेपोतल्या बाकावर बसून लिहितो आहे. कागद आणायचा राहिला, म्हणून भिंगाच्या पाकिटावर. तू आत आहेस. दार बंद आहे, पण वरची काच फुटलेली आहे, त्यामुळे आवाज येतो, शब्द येत नाहीत.

आत जाताना तू माझ्यासमोर थांबलीस. वजन उतरलं आहे तुझं. म्हणालीस, "मला आत बोलावलंय, नंतर तुम्हालाही बोलावतील. काय सांगणार?"

"तू सांगशील ते."

"तसं नको. खरं सांगा. चालेल मला. मी विचार केलाय."

"माझी सही आहे ना त्या कागदावर. ते मला खोटारडा म्हणतील."

"हो," तू म्हणालीस. "म्हणतील."

आणि आत गेलीस. तुझ्या पाठीला मी पाहत होतो. भांडी विसळतानाही पाठच होती.

आता साहेबांचा आवाज चढला आहे. तुझा नाही. तुझा एका पट्टीत चालला आहे, वळणावर गाडी न्यावी तसा. कंडक्टर शेजारी बसले आहेत आणि दर मिनिटाला विचारतायत, काय म्हणतेय? काय म्हणतेय? तुझी आई फाटकाबाहेर डबा घेऊन उभी आहे.

दार उघडलं. मला बोलावतायत.


मंगळवार, २६ तारीख

गडबडे,

हे पत्र डब्यात नाही आणि चष्म्याच्या डबीतही नाही. तू पलीकडच्या खोलीत झोपली आहेस. तंबू उठल्यापासून तू कामावरून आलीस की नुसती झोपतेस. तुझी आई मला म्हणाली, "अहो, भिंतीपलीकडे आहे ती. उठली की बोला की तोंडाने." तोंडाने मला जमेल की नाही सांगता येत नाही. लिहून दाराखालून सरकवतो.

तुला आतलं सगळं कळलेलं नसेल. मला विचारलं, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? मी म्हणालो, सोमवारी मी बोललो, आज माझी मुलगी खरं बोलते आहे. साहेब म्हणाले, म्हणजे तुम्ही लेखी खोटं दिलंत. मी म्हणालो, हो. ते म्हणाले, मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवावा?  आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बरोबर वाक्य नव्हतं. मी म्हटलं, माझ्यावर नका ठेवू, तिच्यावर ठेवा. तिने लिहून दिलं आहे आणि तिचं त्यात नुकसान आहे.

तू कबूल केल्यावर संध्याकाळपर्यंत आणखी चालक लिहून देऊन गेले, हे तुला माहीत आहे. बाहेरची समिती येईपर्यंत फेरीची वेळ पूर्वीसारखी, म्हणून गाड्या सुरू झाल्या. आणि तू चौकशी संपेपर्यंत स्टिअरिंगवर नाहीस, चौकशीच्या खिडकीत. नोकरी आहे, पण गाडी नाही. राहील की जाईल, ते समिती ठरवणार. काल तू खिडकीतून लोकांना 'रुग्णालयाची गाडी पाच नंबरला' असं सांगत होतीस. मी रांगेत उभा होतो. तू पाहिलं नाहीस. मीच पुढे आलो नाही.

आता कामाचं.

संध्याकाळी बाई घरी आल्या होत्या. कप पुन्हा खिळ्यावर टांगायला न्यायला नव्हे. तो नियम मोडणार नाही म्हणाल्या, आणि मीही तसं सुचवलं नाही. पण पुढच्या 'उलटसुलट'मध्ये त्यांनी एक चौकट ठेवली आहे. मी लेखात काय घातलं, काय ठाऊक असून गाळलं, साहेबांना काय खोटं लिहून दिलं, हे सगळं माझ्या पूर्ण नावानिशी. आमच्या कागदावर पहिल्यांदाच कुणाचं नाव येईल. चौकट दोन्ही अंगांना छापणार, म्हणजे कुठलंही अंग फाडून नेलं तरी ती सोबत जाईल.

मी ती लिहून ठेवली आहे. सोबतच्या कागदावर आहे. पण माझ्या चुकीची गोष्ट तुझ्या त्या वळणाशिवाय सांगता येत नाही. मी बारा प्रकारे करून पाहिलं. कुठूनही गेलं की तू लागतेस. नाव नाही घातलं तरी आता गावाला नाव माहीत आहे.

म्हणून विचारतो आहे. छापू का?

वाच. जे नको असेल ते खोड. सगळं नको असेल तर सगळं खोड. बाई म्हणाल्या, चौकट कोरी गेली तरी चालेल, वर नुसतं माझं नाव राहील. लोक काय समजायचं ते समजतील. पेन्सिल कागदाला अडकवली आहे.

कागद परवा सकाळी छापखान्यात जातो. तोवर तुझ्याकडून उत्तर आलं नाही, तर मी ते 'नाही' समजेन.

बाबा